पाहुण्यांसाठी राखलेली सोन्याची केबल

आमच्या नाशिकमधल्या सिडकोतल्या घरात लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये आईचे दागिने, घराचे कागद आणि टीव्हीची केबल अशा गोष्टी असायच्या. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थापा मारतेय. पण देवाशपथ, केबल लॉकरमध्ये होती. निळ्या मखमलीच्या गादीवर गुंडाळी करून झोपवलेली, बोटाएवढी जाड आणि दोन्ही टोकांना पिवळी, लाल, पांढरी अशा तीन-तीन, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना. पाहुणे आले की आई कमरेची किल्ली काढायची, आणि मी दरवेळी धावत जाऊन टीव्हीपुढची जागा पकडायचे, कारण आता ताईची मॅच लागणार हे नक्की असायचं.

ताई कबड्डी खेळायची. एका शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि संध्याकाळी स्वतः मैदानात उतरायची. एके वर्षी नाशिकच्या मुलींचा संघ राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. मी आणि आई बघायला गेलो होतो. बाबांना सुट्टी मिळाली नाही. ते अंबडला एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होते आणि त्या दिवशी त्यांची दुसरी पाळी होती.

आणि नेमकं त्याच दिवशी ते सगळं घडलं! शेवटची चढाई, गुण बरोबरीत, समोर तीनच मुली उरलेल्या. ताई आत गेली. एकीला हात लावून वळते तोच दुसरीने घोटा धरला, ताई आडवी झाली आणि तिघी मिळून तिच्या अंगावर. मी डोळे मिटून घेतले होते, पण आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की उघडावे लागले. त्या ढिगाखालून ताईचा एक हात बाहेर आला. बोटं मातीत खुपसत, सरकत सरकत मध्यरेषेकडे. तोंडात दम चालूच. बोटाचं टोक रेषेला लागलं आणि शिट्टी वाजली. मैदानात काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण त्यानंतर माझाच आवाज मला ऐकू येत होता.

आयोजकांनी लग्नाचं शूटिंग करणारा एक माणूस बोलावला होता. त्याने पाहुण्यांचे हारतुरे अगदी जवळून, फुलाची पाकळी न पाकळी दिसेल असे टिपले होते. सामना मात्र मांडवातल्या खुर्चीवर बसूनच काढला. पुढे त्या कॅसेटची सीडी झाली आणि आमच्या घरी नव्या व्हीसीडी प्लेअरवर ती लागली, तेव्हा त्या चढाईत दिसलं ते असं: पंचांची पाठ, भरपूर धूळ, आणि शेवटी उठून उभी राहिलेली एक मुलगी, जिच्या चेहऱ्याच्या जागी पांढुरका डाग होता.

बाबा ती सीडी पुनःपुन्हा बघायचे. टीव्हीच्या इतके जवळ बसायचे की आई ओरडायची. आणि मला विचारायचे, "उठली तेव्हा हसत होती का गं?"

मी म्हणायचे, हो. मग विचारायचे, कशी? आता हसणं कसं ते काय सांगणार? मी आपली तोंड वाकडं करून दाखवायचे, ताई उशी फेकून मारायची, आणि बाबा परत त्या डागाकडे बघायला लागायचे.

शेवटी एका रविवारी बाबा मला घेऊन बाजारात निघाले. शालिमारजवळच्या एका मोठ्या दुकानात शिरले आणि चित्र स्वच्छ होईल असं काही मिळतं का, एवढंच त्यांनी विचारलं. तिथला विक्रेता भलताच तरतरीत होता. त्याने आम्हाला आत नेलं. शेजारी शेजारी दोन टीव्ही, दोन्हींवर तेच मासे पोहत होते. एकावरचे मासे भांडी घासलेल्या पाण्यात पोहत असावेत असे, आणि दुसऱ्यावरचे? काय सांगू! खवले मोजून घ्यावेत. माझं तर तोंडच उघडं राहिलं. पहिल्याला साधी केबल आहे, दुसऱ्याला ही, असं म्हणून त्याने ती मखमलीची पेटी उघडली. एवढा चांगला टीव्ही घेतलात आणि केबल फुकटातली लावता, मोटारसायकलला कोणी सायकलचं चाक लावतं का, असं तो म्हणाला. मग हलकेच म्हणाला, की माणसांचे चेहरे बघायचे असतील तर ह्याच्याशिवाय इलाज नाही.

चेहरे म्हटल्यावर बाबांचा निकाल लागला. कारखान्यात हा माणूस दिवसभर मायक्रोमीटर लावून केसाएवढा फरक पकडायचा आणि माल नापास करायचा. कंत्राटदार त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. तेच बाबा त्या माशांपुढे उभे राहून मान डोलावत होते. घासाघीसही केली नाही. केबलच्या किमतीत आईला मिक्सर आला असता हे आईने पुढे बरीच वर्षं ऐकवलं.

घरी येऊन आम्ही ती लावली. तिच्या अंगावर बारीक बाण छापलेले होते आणि बाणाचं तोंड टीव्हीकडेच हवं, नाहीतर चित्र बिघडतं, असं विक्रेत्याने बजावलं होतं. बाबांनी बाण तपासले, मी परत तपासले. सीडी सुरू झाली. शिट्टी वाजली, मुलगी उठली.

फरक आहे, बाबा म्हणाले. आहे बाई, आई म्हणाली. मला तर ताईची भुवई दिसली. खरंच दिसली! मी शपथ घ्यायला तयार होते. ताई दारात उभी राहून केसांची वेणी घालत होती. डाग होता तेवढाच आहे, असं ती म्हणाली. बाबा म्हणाले, तुला कबड्डीतलं कळतं, ह्यातलं नाही. तिथून त्या दोघांचं जे वाजायला लागलं ते महिनोन्‌महिने चाललं. ती म्हणायची, तुम्हाला उल्लू बनवलं. ते म्हणायचे, डोळे तपासून घे.

आईने यात बाजू घेतली नाही, पण पिनांना सोनं लावलंय हे तिने पक्कं ऐकलं होतं. रोज काढघाल केली तर मुलामा उडेल, असं तिचं म्हणणं. बाबांना ते पटलं. म्हणून रोजच्या टीव्हीला खोक्यातून फुकट आलेली काळी केबल, आणि पाहुणे आले की सोन्याची, असा नियम झाला. चांगल्या कपबशा असतात तसंच ते. आज विचार केला तर हसू येतं, पण तेव्हा यात वेगळं काही आहे असं आम्हाला कोणालाच वाटलं नाही. उलट सोन्याची केबल लावण्याइतके पाहुणे मोठे आहेत का, यावर चर्चा व्हायची. समोरच्या काकूंसाठी ती कधीही निघाली नाही.

अशातच ताईसाठी स्थळं यायला लागली. आमच्याकडे मोकळं वातावरण आहे, असं येणारे सगळेच पाहुणे म्हणायचे. बाबा अभिमानाने मॅच लावायचे. पाहुणे अर्ध्या चड्डीतल्या मुली एकमेकींच्या अंगावर पडताना बघायचे, छान छान म्हणायचे, आणि चार दिवसांनी निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. एकाने तर इथेच बसून खेळाचं तोंडभर कौतुक केलं आणि जाताना जिन्यात आईला विचारलं, लग्नानंतर हे बंद होईल ना? ताईच्या ते कानावर पडलं. त्यानंतर पाहुण्यांना एकदा पोहे दिले की ती परत बाहेर यायचीच नाही. दुसऱ्यांदा पोहे वाढायला मला पाठवायची.

दसऱ्यानंतरच्या रविवारी जे स्थळ येणार होतं ते लासलगावकडचं होतं. वडील नव्हते, मुलगा आणि आई एवढंच घर. मुलगा नाशिकमध्ये नोकरीला, आणि कुठे, तर कॉलेज रोडवर टीव्हीच्या एका दुकानात विक्रेता म्हणून! हे ऐकून मी घरभर नाचले. बाबांची कळी खुलली, आता जाणकार माणूस येतोय म्हणून. ताईने काही दाखवलं नाही, पण आलेला फोटो परत द्यायचा होता तो दोन दिवस सापडत नव्हता, आणि मला माहीत होतं तो कुठल्या वहीत आहे.

शनिवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने मला सांगितलं की ती त्याला एकच प्रश्न विचारणार. सोन्याच्या केबलने फरक पडतो का?

मी म्हटलं, तो पडतो म्हणणारच, त्याची रोजीरोटी आहे.

"दुकानात खोटं बोलतो तो पोटासाठी बोलतो," ताई म्हणाली. "आपल्या घरात बसून बोलला, तर तो त्याचा स्वभाव. मग मला नको."

चिमटा लावता लावता तिचा हात थांबला होता. तिला तो हवा होता, हे मला तेव्हा स्पष्ट कळलं, आणि दुसऱ्या दिवशी ते दोघं जिना चढून येईपर्यंत मी खिडकी सोडली नाही.

मुलगा उंच आणि जरा लाजरा होता. त्याच्या आईने बसल्या बसल्या आमच्या आईला कांद्याचा भाव, गुडघ्याचं दुखणं आणि एसटीतली गर्दी असं सगळं सांगून टाकलं, आणि घर आपलंसं केलं. पोहे झाले. ताई आत गेली. बाबांनी लॉकर उघडायला सांगितला. पेटी आली, बाण तपासले गेले, आणि केबल लागली.

आवाज आला. गर्दीचा कल्ला, शिट्टी, सगळं ठणठणीत. चित्र मात्र नाही. नुसता निळा पडदा.

बाबांनी पिना दाबल्या. काढून परत लावल्या. बाण उलटे करून बघितले. कपाळावर घाम आला. ज्या केबलची गोष्ट ते पंधरा मिनिटं सांगत होते, तिने ऐनवेळी दगा दिला होता. मी रडायच्या बेतात होते. तेव्हा तो मुलगा उठला आणि म्हणाला, काका, मी बघू का?

तो टीव्हीच्या मागे जाऊन उकिडवा बसला. बाबांनी हाक मारली, बॅटरी घेऊन ये गं, आणि आतून ताईच बॅटरी घेऊन आली. साडी सावरत ती त्याच्या शेजारी बसली. मी कडेला भिंतीला चिकटून सगळं बघत होते. इतकी चांगली जागा मला आयुष्यात कुठल्या नाटकाला मिळालेली नाही.

त्याने पिवळी पिन बाहेर काढली. उजेडात धरली. मग नाकाशी नेली. मला वाटलं हा वेडा आहे की काय. त्याने ती पिन ताईपुढे केली आणि तिनेही वास घेतला. हळद! खंडेनवमीला आईने स्कूटर, शिलाई मशीन आणि मिक्सर नाही म्हणून पाटा-वरवंटा, अशी सगळ्यांची पूजा केली होती. त्यात ही सोन्याची वस्तू कशी सुटेल? पिवळ्या पिनेला तिने हळद लावली होती, लालला कुंकू, आणि पांढरीला नुसती अक्षत वाहिली होती. रंगाला रंग इतका बेमालूम मिळाला होता की कोणाच्या लक्षातच आलं नाही. आणि चित्र नेमकं पिवळ्या पिनेतूनच येतं.

त्याचे खांदे हलायला लागले. ताईने पदर तोंडावर दाबला. मग तिने हात लांब करून टीव्हीखालच्या खणातली काळी केबल काढली आणि न बोलता त्याच्या हातात दिली. त्याने ती लावली. सोन्याची गुंडाळी तिथेच मागे पडून राहिली.

चित्र आलं. बाबांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं सोन्याचीच केबल नीट बसवली. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, आता बघा, चेहरा कसा लख्ख दिसतो. मुलाच्या आईने लय चकचकीत दिसतंय म्हणून दुजोराही दिला.

आणि मग सामना सुरू झाला आणि त्या बाईंनी आमची पूर्ण बैठक ताब्यात घेतली. आधी त्या खुर्चीच्या टोकावर आल्या, मग सरळ जमिनीवर बसल्या, टीव्हीपुढे. ताईचा घोटा धरला गेला तेव्हा त्यांनी स्वतःचाच पाय झटकला. "सोडू नको पोरी, रेघ हाय तिथंच, हात लांब कर," असं त्या टीव्हीला सांगत होत्या, आणि खरी पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. शिट्टी वाजली तेव्हा त्यांनी माझ्या आईला मिठी मारली. मी आनंदाने टाळ्या वाजवत होते. निकाल काय लागतो हे मला गेली दोन वर्षं माहीत होतं, तरी वाजवत होते.

गलका ओसरल्यावर बाबा मुलाकडे वळले. ताईला विचारायचा होता तो प्रश्न तिच्या आधी त्यांनीच विचारला. तुम्ही ह्या लाइनमधले, आमच्या मुलीला पटवून सांगा, म्हणाले, या केबलने फरक पडतो की नाही?

ताईने दाराची चौकट धरली. मागे काय लागलंय ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. नुसतं "पडतो" म्हटलं की झालं. बाबा खूश, त्याची आई खूश. त्याने बाबांकडे बघितलं, मग बुटांच्या जागी बघितलं, जणू पळून जायचा रस्ता बघतोय.

"नाही काका," तो म्हणाला. "काही फरक पडत नाही. आत्ता लागलीये ती खोक्यातलीच आहे."

बाबा उठले. टीव्हीमागे वाकून बघितलं. तिथून उठून यायला त्यांना बराच वेळ लागला. मुलगा मान खाली घालून सांगत राहिला, की दुकानात साध्या केबलच्या टीव्हीचे रंग ते लोक रिमोटने आधीच उतरवून ठेवतात, टीव्ही विकून फारसा नफा सुटत नाही म्हणून केबल खपवायला सांगतात, आणि तोही रोज हेच सांगतो. त्याच्या आईने कपाळाला हात लावला. माझ्या आईला आत्ता कुठे हळदीची आठवण झाली होती आणि ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

बाबांचा चेहरा बघवत नव्हता. फसवले गेल्याचा राग असता तर ते ओरडले असते. ते फक्त एवढंच म्हणाले, "मी तिथे नव्हतो हो. मला तिचा चेहरा बघायचा होता."

टीव्हीवर पाहुण्यांना हार घालणं चाललं होतं. मग तो मुलगा म्हणाला, "चेहरा शूटिंगमध्येच आला नाही काका. तो आता कशानेच यायचा नाही." आणि जरा थांबून, "पुढच्या मॅचला मी कॅमेरा घेऊन येतो. रेषेपाशी बसून काढतो."

पुढच्या मॅचला! तो हे इतक्या सहज बोलून गेला की आपण काय बोललो हे त्याला कळलंच नसावं. मला कळलं, आईला कळलं. मी दाराकडे बघितलं तर ताई तिथे नव्हती. स्वयंपाकघरातून झाऱ्याचा आवाज आला. ती बाहेर आली, हातात पोह्यांचं पातेलं, आणि नियम मोडून स्वतः त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"अजून घ्या," ती म्हणाली आणि बशी काठोकाठ भरली. मी जागच्या जागी उडी मारली आणि आईचा धपाटा खाल्ला.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं. पुढच्या मोसमात ताई जिल्ह्याच्या संघातून खेळली. संघ उपांत्य फेरीतच हरला, पण जिजाजी कोणाकडून तरी कॅमेरा मागून आणून खरोखर रेषेपाशी मातीत पालथे पडले होते. पंच त्यांना दोनदा रागावले. एक चढाई त्यांना नेमकी मिळाली. ताई पकडीतून सुटून, रेषेवर बोट टेकवून उठली, केस तोंडावर, गालाला माती, आणि समोर नवरा पालथा पडलेला दिसल्यावर फिसकन हसली.

ती सीडी आमच्याकडे आली त्या संध्याकाळी बाबा पाळीवरून येऊन हातपाय न धुताच बसले. आईने किल्लीला हात लावला, तर नको म्हणाले. काळी केबलच होती. ताई उठली आणि हसली तिथे त्यांनी बटण दाबून चित्र थांबवलं आणि टीव्हीच्या जवळ सरकून बसले. भुवई दिसत होती, दात दिसत होते, गालावरच्या मातीत घामाचा ओघळ दिसत होता.

"तेव्हाही अशीच दिसली असेल ना गं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, अगदी अशीच. मग आईने चहा आणून ठेवला, आणि तो गार झाला तरी त्यांनी चित्र पुढे सरकू दिलं नाही.